पाणी मागता येत नाही, अभंग मात्र येतो

बोलणं, भाषा आणि गाणं यांविषयी कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात छापलं होतं. पत्रांचा गठ्ठा आला. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, सहा पत्रं निवडली आहेत. मी कणकवलीत वाचा-उपचार करते. ज्यांचं बोलणं गेलं, ज्यांना आलंच नाही, ज्यांचं अडखळतं, त्यांच्यासमोर बसायचं हे माझं तेवीस वर्षांचं काम आहे.

"ताई, आमच्या ह्यांना गेल्या गणपतीनंतर अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला नि वाचा गेली. पाय आता बरा आहे, काठी घेऊन अंगणात फिरतात. पण 'हां' नि 'नाय' सोडून शब्द नाही. माझं नाव घेता येत नाही. पाणी हवं तर तांब्याकडे बोट. हे गावच्या भजनात तीस वर्षं बुवा होते. एकादशीला मंडळी घरी आली, पेटी काढली, तर ह्यांनी अख्खा अभंग म्हटला, एक शब्द चुकला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुके. शेजारी म्हणतात, नाटक करतात. आणखी एक, सांगायला लाज वाटते. राग आला की शिवी अगदी स्वच्छ येते. आयुष्यात घरात कधी शिवी दिली नाही त्यांनी. हे काय आहे?"
— वेंगुर्ला तालुक्यातून, वय ५८

बाई, आधी शेजाऱ्यांचं. हे नाटक नाही. तुम्ही जे लिहिलंय ते मी इतक्या घरांत पाहिलंय की तुमच्या अंगणातली काठीसुद्धा मला ओळखीची वाटते. तुमच्या यजमानांना तपासल्याशिवाय मी नक्की निदान करणार नाही, पण उजवी बाजू लुळी, समजतं बरंच, शब्द निघत नाही, अभंग निघतो, शिवी निघते, या सगळ्याला एक नाव आहे. डॉक्टर त्याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांत बोलण्याचं मुख्य कामही त्याच डाव्या भागात चालतं. म्हणून डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात आणि वाचा दोन्ही एकदम जातात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे लबोर्न नावाचा रुग्ण आला. तो एकच अक्षर बोलू शकायचा, 'तां'. काहीही विचारा, 'तां तां'. समोरच्याचं बोलणं त्याला कळत होतं. तो काही दिवसांतच वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, मोठी इजा सापडली. त्या जागेला आजही ब्रोकांचं नाव आहे. आणि बाई, हे खास तुमच्यासाठी लिहिते: त्या 'तां'वाल्या माणसालाही राग अनावर झाला की एक ठरलेली शिवी स्पष्ट यायची. ब्रोकांनी तसं नोंदवून ठेवलंय. तेव्हा लाज सोडा. तुमच्या यजमानांची जीभ बिघडलेली नाही आणि मनही बिघडलेलं नाही.

बोलण्याचे दोन प्रकार धरा. 'मला पाणी दे' हे वाक्य माणूस त्या क्षणी जुळवतो. काय हवंय, कुणाला सांगायचंय, कुठला शब्द आधी. हे जुळवण्याचं काम डाव्या भागाचं. पण पाढे, आरत्या, सोमवार-मंगळवार, आणि रागात तोंडातून सुटणारी शिवी जुळवावी लागत नाही. ती पाठांतराची माळ असते, पहिला मणी ओढला की बाकीचे मागून येतात. या माळा मेंदूच्या आतल्या जुन्या भागांत आणि उजव्या बाजूलाही टिकून राहतात. वर सुराचं काम दोन्ही बाजूंना वाटलेलं, त्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा. तीस वर्षं म्हटलेला अभंग म्हणून तर वाचला.

माझ्या बाबांचं असंच झालं होतं. देवगड तालुक्यात आमचं गाव, बाबा भजनात मृदंग वाजवायचे. मी दहावीत असताना त्यांना पक्षाघात झाला. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं, वाचा गेली ती गेली, आता देवाचं नाव घ्या. बाबा ते घ्यायचेच. आरतीला सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत म्हणायचे आणि आम्ही हात जोडायचो. पण रोज सकाळी मला हाक मारायला तोंड उघडलं की बाहेर पडायचं 'तीन'. माझं नाव, 'तीन'. चहा, 'तीन'. आईने त्यांच्यासमोर तीन कप ठेवून पाहिले, ते मान हलवायचे आणि डोळ्यांतून पाणी. अकरा वर्षं असे जगले. पुढे मी मुंबईत शिकायला गेले. एके दिवशी वर्गात शिकवलं की बॉस्टनमधल्या तिघांनी १९७३ साली सुराच्या आधाराने बोलणं परत आणायची एक पद्धत मांडली आहे. मी वहीवर साल लिहिलं आणि पुढचं काही लिहूच शकले नाही. बाबा पडले त्याच्या कितीतरी आधीचं साल होतं ते.

त्या पद्धतीला मेलडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. ती कशी चालते ते एका रापणकराच्या, म्हणजे रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, गोष्टीवरून सांगते. ते मालवणकडचे, माझ्याकडे आले तेव्हा त्यांना 'हो' सोडून काही येत नव्हतं. आम्ही एकच वाक्य घेतलं: 'माका पाणी व्हया.' आधी शब्द नाहीतच. मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि टेबलावर एकेका अक्षराला एक थाप द्यायला लावली. नुसतं 'हं हं, हं हं, हं हं'. दोनच सूर, एक खालचा आणि एक वरचा. 'पा' वर चढतो, 'व्हया'ला उतरतो, जसं आपण बोलताना चढ-उतार करतो तसंच, फक्त ताणून. आठवडाभर हेच. मग त्या सुरात शब्द घातले, मी आणि ते एकत्र. मग मी मध्येच थांबायची आणि वाक्य ते पुरं करायचे. मग सूर हळूहळू कमी करत बोलण्याच्या जवळ आणायचा. थाप मात्र शेवटपर्यंत.

सहाव्या आठवड्यात त्यांची बायको चहा आणायला बाहेर गेली होती. पुतण्या खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. रापणकर त्याच्याकडे वळून म्हणाले, "माका पाणी व्हया." पोरगा उठला नाही, त्याला वाटलं सराव चाललाय. तेव्हा त्यांनी डावा हात टेबलावर आपटला आणि पुन्हा म्हणाले. मी काही शिकवत नव्हते तेव्हा. त्यांना खरोखरच तहान लागली होती.

आता खरं काय तेही सांगते. नुसती भजनं म्हणून बोलणं परत येत नाही. अभंगाची माळ अभंगापुरतीच असते, तिच्यातला 'पाणी' शब्द सोडवून स्वयंपाकघरात आणता येत नाही. नवी, रोजची, लहान वाक्यं ठेक्यात बांधावी लागतात. यात सुराचा भाग किती आणि ठेक्याचा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझा स्वतःचा कल ठेक्याकडे आहे. आणि सगळ्यांना हा उपाय लागू पडत नाही. ज्यांना समोरचं बोलणं बरंच समजतं आणि शब्द निघताना अडतात, त्यांना जास्त. काहीजणांचं उलट असतं. भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं नीट कळत नाही. कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली तो प्रकार दाखवला, इजा कानाजवळच्या भागात असते. त्यांचे उपचार वेगळे.

तुमच्यासाठी घरचा पाठ असा. पाच वाक्यं निवडा, त्यांना दिवसातून खरोखर लागणारी, आणि तुमच्या घरच्या बोलीत. तुमचं नाव त्यात असूच द्या. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, समोरासमोर, डाव्या हाताने थाप. त्यांनी तांब्याकडे बोट केलं की पाणी लगेच देऊ नका, पण छळूही नका. तुम्ही सुरात सुरुवात करा, 'माका पाऽ...' आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. नाही आलं तर वाक्य तुम्हीच पुरं करा आणि पाणी द्या. भजनी मंडळींना दर एकादशीला बोलवत राहा. त्यातून वाचा येणार नाही, पण चार माणसांत ते बुवा असतात, आणि तेही औषधच आहे. शक्य तितक्या लवकर एखाद्या वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. पहिले सहा महिने सुधारणा जोरात होते, पण पुढे दार बंद होत नाही.

इतर वाचकांसाठी एकच: तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, तर नस चोळत, कांदा हुंगवत सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आपल्याकडून स्कॅनच्या गावाला पोचायलाच दोन तास लागतात, ते धरून चाला.

"माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. आठ-दहा शब्द बोलतो. हवं ते बोटाने दाखवतो, मोबाइलवरची इंग्रजी गाणी बघत जेवतो. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला. जिभेखालची दोरी कापा, असंही कुणी सांगितलं. ढोल वाजला की नाचतो, म्हणजे कान ठीक आहेत. घरात आजी गावची बोली बोलते, मी शाळेतलं मराठी, नवरा इंग्रजी शब्द शिकवतो. त्याचा गोंधळ होत असेल का?"
— दापोली

ताई, ढोलावर विश्वास ठेवू नका. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीतला आणि दणदणीत. 'स', 'श', 'फ' यांचा आवाज वरच्या पट्टीतला आणि हवेसारखा पातळ. मुलाला ढोल ऐकू येतो आणि 'स' ऐकू येत नाही असं होऊ शकतं, आणि मग त्याच्या कानाला मराठी म्हणजे भोकं पडलेलं फडकं असतं. म्हणून सगळ्यात आधी कानांची तपासणी, तीही यंत्रावरची. लहान मुलाला झोपवून बेरा नावाची तपासणी करतात, दुखत नाही. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऐकणं आणि बोलणं दोन्हींची तपासणी होते.

वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडी, ही साधारण चाल. बाप उशिरा बोलला हे खरं असेल. पण उशिरा बोलणारी काही मुलं आपोआप सावरतात आणि काही सावरत नाहीत, आणि या वयात घरच्यांना ती वेगळी ओळखता येत नाहीत. दाखवून ठेवलं तर नुकसान काही नाही. जिभेखालच्या दोरीने उच्चारात थोडा फरक पडू शकतो, शब्दच येत नाहीत असं होत नाही. ती कापून आलेली आणि तरीही न बोलणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात.

बोलीचा गोंधळ नाही. अजिबात नाही. दोन-तीन भाषांच्या घरातली मुलं त्यामुळे मागे पडत नाहीत. आजीला गप्प करू नका! माझ्या खोलीत मी पाहते, आजीच घरात सगळ्यात जास्त बोलते आणि सगळ्यात जास्त वाट बघते.

बाळाचा कान काय करतो ते ऐकण्यासारखं आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. मोठ्या इंग्रजी माणसाला हा फरक ऐकायला जड जातो. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो सहज ऐकू आला. तीच क्षमता वर्ष पुरं होईपर्यंत जवळजवळ गेली, कारण घरात ती लागत नव्हती. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ घरात चालतं ते ठेवतं आणि चालत नाही ते सोडतं. चार बोटांतला 'च' आणि गुरांच्या चाऱ्यातला 'च' वेगळे आहेत हे आपल्याला कुणी कधी शिकवलं? कुणी नाही. आपण तो फरक ऐकून ठेवला होता.

मग मोबाइलवरून का नाही? हाच प्रश्न पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेत विचारला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. ती खेळणी दाखवत, पुस्तक वाचत, बाळाकडे बघत बोलत होती. बारा बैठकांत बाळांनी चिनी भाषेतले आवाज ओळखायला सुरुवात केली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. त्यांनी काहीच उचललं नाही. २००३ सालचं हे काम आहे आणि मी ते प्रत्येक आईला सांगते. पडदा बाळाच्या 'ऊं'ला थांबून उत्तर देत नाही. बाळाने बोट केलं तर पडदा तिकडे वळून बघत नाही.

तेव्हा जेवताना मोबाइल बंद. पहिले चार दिवस रडेल, जेवण कमी जाईल, पाचव्या दिवशी जेवेल. 'हे काय? हे काय?' अशी परीक्षा घेऊ नका. तो जिकडे बघतोय त्याचं नाव घ्या. होडी बघत असेल तर "होडी. होडी आली. मोठी होडी." आणि गप्प बसा. त्याची पाळी आहे. त्याने 'ओ' म्हटलं तरी ते बोलणंच समजा आणि उत्तर द्या.

"मला सातवा महिना आहे. पोटावर हेडफोन लावून परदेशी संगीत ऐकवलं तर बाळ हुशार होतं का?"
— रत्नागिरी

नाही. ती समजूत १९९३ सालच्या एका प्रयोगातून पसरली. त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजची मुलं होती. त्यांना मोझार्ट ऐकवल्यावर एका प्रकारची कोडी काही मिनिटांपुरती जरा बरी जमली, एवढंच. हेडफोन काढून ठेवा. पण शेवटच्या तीन महिन्यांत बाळ ऐकतं हे खरं आहे, आणि त्याला सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते तुमचंच बोलणं. नुकतं जन्मलेलं बाळ दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं, हे १९८० साली दाखवलं गेलंय. पुढे २००९ साली जर्मनी-फ्रान्समधल्या तान्ह्या बाळांचं रडणं तपासलं, तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर शेवटी चढणारा आणि जर्मन बाळांचा उतरणारा निघाला, त्या त्या भाषेसारखा. तुम्ही भाजी घेताना घासाघीस करा, जावेशी गप्पा मारा. त्याचा अभ्यास चालू आहे.

"आमच्या आमराईत कोकिळ ओरडतो. बाई म्हणाल्या, त्याचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं. मग ते मोठं झाल्यावर 'काव काव' का करत नाही? माणसाचं मूल दुसऱ्या घरात वाढलं तर दुसरीच भाषा बोलतं ना?"
— इयत्ता नववी, गुहागर तालुका

बाळा, या पत्रांत सगळ्यात अवघड प्रश्न तुझा आहे आणि मला तो फार आवडला. 'कोकिळ ओरडतो' असं लिहिलंस तेही बरोबर, कुहू करणारा नर असतो.

कोकिळाला त्याची हाक शिकावी लागत नाही. ती जन्माबरोबर बांधून येते, म्हणून घर कुणाचंही असो, तो कुहूच करणार. पण तुमच्या कुंपणावर सकाळी काळा-पांढरा दयाळ शीळ घालतो ना, तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला. त्या कुळातले पक्षी गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात. इंग्लंडमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या अशाच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांपासून दूर वाढवली. ती मोठी झाली, गायली, पण गाणं ओबडधोबड. शिकणारं पिल्लू आधी अस्पष्ट पुटपुटतं, मग हळूहळू गाणं साफ होतं, आपल्या बाळाच्या 'बाबाबा, दादादा'सारखं. कावळाही त्याच गाणाऱ्यांच्या कुळात मोडतो, हे तुझ्या बाईंना जरूर सांग.

आवाज शिकणारे प्राणी फार थोडे आहेत. गाणारे पक्षी, पोपट, हमिंगबर्ड, देवमासे, वटवाघळं, अशी मोजकी मंडळी. माकडं आपल्या जवळची, पण त्यांना हे जवळजवळ जमत नाही. माणूस मात्र दयाळाच्या बाजूचा. तुझ्या गावात जन्मलेलं बाळ जपानात वाढलं तर जपानी बोलेल. ज्या बाळाला ऐकू येत नाही आणि ज्याचे आईबाप खुणांच्या भाषेत बोलतात, ते बाळ हातांनी 'बाबाबा' करतं. बोटं वळवतं, तेच तेच चाळे ठेक्यात करतं. लॉरा पेटिटो यांनी १९९१ साली हे दाखवलं. म्हणजे शिकायची ओढ जन्माची असते, आवाज नाही मिळाला तर ती हात धरते.

"वय ६१, निवृत्त शिक्षिका. पेटी शिकायची आहे. मुलगा म्हणतो, आई, आता मेंदू जुना झाला. खरं का?"
— मालवण

मुलाचं अर्ध बरोबर आहे. लहानपणी सुरुवात केलेल्यांना फायदा होतो. १९९५ साली जर्मनीत व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी राखलेली जागा मोजली, ती इतरांपेक्षा मोठी निघाली आणि लहानपणी शिकलेल्यांत जास्तच. पण मोठेपणी शिकणं थांबतं असं त्याने सिद्ध होत नाही. साठीनंतर वेग कमी असतो आणि चिकाटी जास्त असते, आणि तुम्ही तर आयुष्यभर मुलांना घोकून घेतलंय.

रोज वीस मिनिटं बसा. रविवारी एकदम तीन तास बसण्याने तेवढं होत नाही, कारण बोटांनी दिवसा शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं. आणि तबलजी करतात ते करा: बोल आधी तोंडात, मग हातात. अलंकार आधी गाऊन घ्या, टेबलावर बोटं चालवा, मग पेटीला हात लावा. कान, तोंड आणि बोट यांची गाठ पडली की बोटं कमी चुकतात.

"मी १९ वर्षांचा आहे. बोलताना अडखळतो, स्वतःचं नाव सांगताना सगळ्यात जास्त. पण आमच्या जाखडी नाचात मी गायक आहे. हजार माणसांसमोर गातो, सवालाला जवाब देतो, एकदाही अडखळत नाही. लहानपणी वेखंड चोळलं, तोंडात खडे ठेवून बोलायला लावलं. आता नोकरीसाठी मुलाखती आहेत. गाताना जातं ते बोलताना का येतं?"
— संगमेश्वर तालुका

मित्रा, तुझी जीभ जाड नाही, तू भित्रा नाहीस आणि आईबापांनी काही चुकीचं केलेलं नाही. अडखळणं मेंदूतल्या वेळ जुळवण्याच्या कामातून येतं. बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं निघतात. प्रत्येकासाठी ओठ, जीभ, घसा आणि श्वास एका वेळी जागेवर यावे लागतात, आणि 'आता' असा इशारा मेंदू आतून देतो. तोतऱ्या माणसात तो आतला इशारा कधी उशिरा येतो, कधी अडतो. घराण्यातही चालतो हा प्रकार. लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं आपोआप जातं, मोठ्या माणसांत शंभरात एकजण अडखळणारा असतो. तू त्या एकातला.

जाखडीत इशारा बाहेरून मिळतो. ढोलकी आणि घुंगरू देतात, कोरस देतो. शब्द चालीत बसलेले असतात आणि आवाज सलग वाहत राहतो, मध्ये बंद होऊन पुन्हा चालू करावा लागत नाही. मित्राबरोबर एका सुरात धडा वाचून बघ, तिथेही अडखळणार नाहीस.

मग गात गात बोलावं का? काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला ठेक्यावर बोलायला शिकवलं. माझ्या खोलीत तो अस्खलित बोलायचा. महिनाभराने फोन आला, सगळं परत आलं होतं, आणि तसं सुरात बोलण्याची त्याला लाज वाटायची. ती चूक माझी होती. आता मी गाण्यातून एवढीच गोष्ट उचलते: शब्दाची सुरुवात. गाताना तू पहिलं अक्षर धडकवत नाहीस, श्वास सुटू लागतो आणि त्यावर अक्षर बसतं. नाव सांगताना तसं कर. अर्धा श्वास जाऊ दे, मग पहिलं अक्षर हलकं, जरा लांबवून. रोज घरात दहा वेळा, मग दुकानात, मग फोनवर.

खडे तोंडात घालू नकोस, घशात जातील. वेखंडाने काही होणार नाही.

मुलाखतीत आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे ठेव: "मी बोलताना अडखळतो, मला थोडा वेळ लागेल." अडखळत म्हटलंस तरी चालेल. लपवायचं काही उरलं नाही की घशावरचा अर्धा ताण तिथेच जातो. हे वाक्य आधी आरशासमोर म्हण, मग तुमच्या गणपतीच्या मांडवात, जिथे सगळे तुला ओळखतात. आणि मुलाखतीचं काय झालं ते मला कळव.